दोन वर्षांच्या माणसाला काय काम द्यावं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी पोटभर हसलो आणि मग जरा ओशाळलो. थोरलीची गणिताची वही धाकट्याने बादलीत बुडवून 'धुतली', हे तू ज्या पोटतिडकीने लिहिलंयस, ते वाचून कोण हसणार नाही! ओशाळलो, कारण आमच्याकडेही हेच चालायचं. ताईचा अभ्यास सुरू झाला की मी धाकट्यापुढे खेळण्यांची अख्खी टोपली ठेवायचो आणि 'जा, खेळ' म्हणायचो. तो टोपली उपडी करायचा, आवाज ऐकून खूश व्हायचा आणि पुढच्या मिनिटाला ताईच्या पेन्सिलीवर झडप घालायचा.

थोरलीचा अभ्यास घेताना दोन वर्षांच्या धाकट्याला कशात गुंतवायचं, असं विचारलंयस. माझं ऐकशील तर क्रम उलटा कर. अभ्यासाच्या वेळातली पहिली दहा मिनिटं धाकट्याची. ताई तोवर वाचत बसेल, ती मोठी आहे. त्याच्याजवळ खाली बस, एकच काम मांड, एकच, आणि त्याचा हात त्यात गुंतला की हळूच ऊठ. आधी त्याला ताटकळत ठेवायचं आणि मग रडला की काहीतरी हातात कोंबायचं, हे मी दोन महिने करून पाहिलं. त्यात तिघांचाही दिवस वाया जातो.

ढोबळ हिशेब असा सांगतात, की वयाच्या एका वर्षामागे मूल एका कामात दोन-तीन मिनिटं टिकतं. म्हणजे तुझा धाकटा चार ते सहा मिनिटं. तेवढीच अपेक्षा ठेव, म्हणजे चिडचिड होणार नाही. पण काही कामं हा हिशेब पार मोडून टाकतात. आमच्याकडे ते काम निघालं कागदी चिकटपट्टीचं, रंगारी वापरतात ती, सहज निघणारी. टेबलावर सात-आठ तुकडे आडवेतिडवे चिकटवले आणि प्रत्येकाचं एक टोक दुमडून ठेवलं. पठ्ठ्याने पहिलं टोक नखाने खरवडलं. जमेना. जीभ बाहेर काढून पुन्हा खरवडलं. शेवटी ते चिमटीत आलं, आणि एरवी सगळं ओरबाडणारा हा प्राणी ती पट्टी इतकी सावकाश ओढायला लागला, की मीच श्वास धरून बसलो. सुटलेली पट्टी बोटाला चिकटली. दुसऱ्या हाताने काढली, तर त्या हाताला चिकटली. मग गुडघ्याला, मग माझ्या नाकाला. बावीस मिनिटं! ताईचा सातचा पाढा त्या दिवशी पहिल्यांदा विनाव्यत्यय पूर्ण झाला.

दुसरं, पाण्याने रंगवणं. भिंत रंगवायचा रुंद ब्रश आणि भांड्यात तळाला जेमतेम पाणी. फरशी, दगड, बाहेरची भिंत, काहीही 'रंगवू' दे. ओलं झालं की गडद दिसतं, वाळलं की पुसून जातं, त्यामुळे त्याचं काम कधी संपत नाही आणि तुझं पुसणं वाचतं. पहिल्या दिवशी आमचा मात्र आपली रेघ वाळताना पाहून 'गेली, गेली' करत रडला होता. तिसऱ्या दिवशी तोच ती जायची वाट बघत उकिडवा बसला. पाणी असेल तिथे मात्र तू हाताच्या अंतरावर हवासच. इतक्या लहान मुलाला दोन इंच पाणीही जिवावर बेतू शकतं. ती वहीवाली बादलीसुद्धा उपडी करून ठेव.

रंगांचं म्हणशील, तर चोवीस खडूंची पेटी आणू नकोस. मी आणली होती. त्याने सगळे मोडले आणि मी ओरडलो. नंतर कळलं, की मोडके तुकडेच बरे. आखूड तुकडा मुठीत धरून रेघ मारता येत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो, आणि पुढे पेन्सिल धरायला तीच चिमूट लागते. दोन तुकडे पुरे. कागद टेबलाच्या खालच्या बाजूला चिकटव आणि त्याला खाली उताणा झोपून रेघोट्या मारू दे, बघ कसा रमतो. आणि 'हे काय काढलंस?' असं विचारू नकोस. त्याने काहीच 'काढलेलं' नसतं, हात फिरला आणि उमटलं. रोडा केलॉग नावाच्या अमेरिकन बाईंनी मुलांची लाखो चित्रं जमवून तपासली आणि या रेघोट्यांचे २० मूळ प्रकार लावले: ठिपका, उभी रेघ, आडवी, नागमोडी, गिरगिटं. ते वाचल्यापासून मी आमच्या भिंतीकडेही जरा आदराने बघतो.

मळलेला गोळा तर हवाच. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, आणि पाणी थोडं थोडं घालत, साधारण एक वाटी. घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलास तर आठवडाभर चालतो. खाऊ देऊ नकोस, त्यात मीठ फार असतं आणि कच्चं पीठही पोटाला बरं नाही. जाता जाता एक गंमत: बाजारात मिळणारा असाच खेळायचा गोळा, प्ले-डो, मुळात भिंतीवरच्या कागदाची काजळी पुसायचा लगदा होता. एका बालवाडीच्या बाईंनी तो मुलांच्या हातात दिला आणि १९५६ मध्ये तो खेळणं म्हणून विकायला आला. म्हणजे साफसफाईचं सामान पोरांनी पळवलं. तुझ्या घरात वेगळं काय चाललंय?

एका बाबतीत मात्र माझं मत पक्कं झालंय. कापसाची मेंढी, कागदी ताटलीचा सिंह, असले 'क्राफ्ट' या वयात नकोत. मी एकदा तो सिंह केला. आयाळ मी कापली, मी चिकटवली, डोळेही मीच काढले. पोरगं गोंदाच्या डबीचं झाकण लावत-काढत बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसातलं खरं काम तेच होतं.

लहान वस्तूंचं भान ठेव. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात नको: मणी, बटणं, नाणी. खडूच्या तुकड्यांपुरता अपवाद, पण तेही तू जवळ बसलेला असतानाच. पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरातच आणू नकोस. गिळले तर पोटात जाऊन फुगतात.

पसारा होणारच. खाली जुनी चादर अंथर, संपलं की चारी टोकं धरून उचल. आणि ज्या दिवशी काहीच जमणार नाही, त्या दिवशी ताईला सुट्टी दे आणि तिघं मिळून पट्ट्या सोलत बसा.

वहिनींना नमस्कार. थोरलीला नवी वही माझ्याकडून.

तुझा,
बावीस मिनिटंवाला

ता. क. चिकटपट्टी लावण्याआधी टेबलाच्या एका कोपऱ्यात लावून बघ. आमच्या टेबलाचं पॉलिश दोन ठिकाणी निघालंय, आणि घरात ते अजून कोणाच्या लक्षात आलेलं नाही.