पुलांची रोषणाई टिपायची ती अंधार पडण्याआधी

संपादक महोदय,

बंदरकाठच्या शहरांच्या रात्रीच्या छायाचित्रणावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ‘पूर्ण अंधार पडू द्या, ट्रायपॉड लावा आणि ३० सेकंदांचे एक्स्पोजर द्या’ हा, म्हणजे शटर तितका वेळ उघडे ठेवण्याचा, त्यातला सल्ला नवशिक्याची हमखास निराशा करेल. पूर्ण अंधारात इमारतींच्या कडा आकाशात विरून जातात, पुलाचे मनोरे दिसेनासे होतात आणि उजळलेल्या खिडक्या तेवढ्या बर्न होतात, म्हणजे तपशील जाऊन नुसत्या पांढऱ्या उरतात. शहराची आकृतीच हाती लागत नाही.

सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ६ अंश असतो तेव्हा आकाशाचा निळा उजेड आणि शहराचे दिवे तोडीस तोड असतात. उष्ण कटिबंधात सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे ही वेळ सूर्यास्तानंतर पंधराएक मिनिटांनी येते आणि आठ-दहा मिनिटांत सरते. कॅनडातल्या व्हँकूव्हरसारख्या उत्तरेकडच्या बंदरात सूर्य तिरका मावळतो, तिथे जरा जास्त सवड मिळते. हाँगकाँगचा रात्री ८ वाजताचा दिव्यांचा खेळ मात्र या वेळेत कधीच बसत नाही, कारण तिथे जूनमध्येही सूर्य सव्वासातच्या आत मावळलेला असतो. तेव्हा जागा, चौकट आणि फोकस हे सगळे सूर्यास्तापूर्वीच पक्के झालेले हवे. फोकस दूरच्या कडेवर, स्क्रीनवर मोठे करून साधावा आणि मग मॅन्युअलवर टाकावा, म्हणजे कॅमेरा तो आपोआप बदलणार नाही.

सुरुवात आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, अॅपर्चर (लेन्सचे छिद्र; आकडा मोठा तितके ते लहान) एफ/८ आणि शटर ४ सेकंदांपासून करावी. दर तीन-चार मिनिटांनी आकाशाचा उजेड निम्म्यावर येतो, दिवे मात्र तेवढेच राहतात. म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेड-अंधाराचा कॅमेऱ्यावरचा आलेख, पाहायचा तो दिव्यांसाठी. त्यातही लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा आलेख पाहावा. पुलावरच्या निळ्या एलईडीचा निळा चॅनल (निळ्या रंगाचा आलेख) केव्हाच फाटलेला, म्हणजे कमाल मर्यादेपलीकडे गेलेला असतो आणि एकत्रित आलेखात त्याचा पत्ताही लागत नाही. रोषणाई रंग बदलणारी असेल तर लांबलचक एक्स्पोजरमध्ये सगळे रंग मिसळून फिकट पांढुरका पट्टा उरतो. एक रंग किती सेकंद टिकतो ते मोजावे, शटर त्याहून कमी ठेवावे आणि गरज पडल्यास आयएसओ ४०० करावा.

लेखात ज्याचा उल्लेखही नाही ती अडचण म्हणजे हादरे. पुलावर ट्रायपॉड लावला की अवजड वाहनागणिक सगळा पूल थरथरतो. झुलत्या पुलाच्या मध्यभागी ही थरथर अधिक, मनोऱ्यालगत कमी. पुलावर ८ सेकंदांच्या एका फ्रेमपेक्षा आयएसओ वाढवून १ सेकंदाच्या बऱ्याच फ्रेम घ्याव्यात, त्याही वाहनांमधली फट साधून. तरंगत्या जेट्टीवर तर लांब एक्स्पोजरचा नादच सोडावा, पक्का धक्का गाठावा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये. वारा असताना त्याला बॅग लटकवली तर ती झोके घेते आणि फायद्याऐवजी तोटाच होतो. बॅग टेकेल इतकी खाली सोडावी. दोन सेकंदांचा टायमर लावावा आणि ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) बंद ठेवावे. काही लेन्समध्ये तेच चित्र हलवते.

दिव्यांभोवती धुरकट वलये दिसली तर बहुधा लेन्सवर खाऱ्या तुषारांचा थर बसलेला असतो. तो कोरड्या फडक्याने घासला तर मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात, म्हणून आधी किंचित ओलसर कापडाने टिपावा. आकाशात दिव्यांच्या उलट्या हिरवट प्रतिमा उमटत असतील तर दोष संरक्षक फिल्टरचा. तो काढून ठेवावा.

प्रतिबिंबे हवी असतील तर भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे. ऐन भरतीला पाणी क्षणभर स्थिरावते, ओहोटीला काठाचा चिखल आणि खांबांवरची शेवाळी रेघ उघडी पडते. फेरीबोटीच्या लाटा मात्र केव्हाही येणारच. अशा वेळी १० सेकंदांहून मोठे एक्स्पोजर पाणी एकसारखे करते. तेवढ्यासाठी एफ/११ पर्यंत जावे, एफ/१६ च्या पुढे विवर्तनाने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळेच मऊ पडते.

आपणांस एक विनंती. रात्रीचे छायाचित्र छापताना त्याखाली शटर, अॅपर्चर, आयएसओ आणि सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी ते घेतले, एवढा मजकूर द्यावा. एका ओळीत बसतो.

— एक वाचक