त्या रात्री तुम्ही दवाखाना उघडला नाहीत, त्याबद्दल

प्रिय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

बाबांना घरी आणून तीन आठवडे झाले. हनुवटीखालची जखम भरत आली आहे. दाढी करताना ते रोज तिथे बोट लावून बघतात आणि मला तुमची आठवण होते. आभार समोर बसूनही मानता आले असते. पण दाढ दुखायची थांबली म्हणून निश्चिंत झालेल्या कुणाच्या तरी नजरेस हे पडावं, म्हणून उघड पत्र लिहिते आहे. तुमचं नाव मात्र लिहीत नाही.

त्या रविवारी रात्री सव्वाअकराला मी फोन केला, तेव्हा तुम्ही एखादी गोळी सांगाल, फार तर दवाखाना उघडाल, एवढंच मनात होतं. तुम्ही प्रश्न विचारायला लागलात.

"तोंड किती उघडतंय? त्यांचीच बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालून बघा." एरवी तीन बोटं मावतात. बाबांचं एक जेमतेम गेलं.

"थुंकी गिळता येतेय?" तासाभरापासून ते तोंडाशी टॉवेल धरून बसले होते. दुखतंय म्हणून बोलायचं टाळतायत, असा माझा समज होता. थुंकी गिळता येत नाही म्हणून तो टॉवेल होता, हे तुम्ही विचारल्यावर कळलं.

"आवाज बदललाय का? हनुवटीखाली दाबून बघा, मऊ लागतंय की कडक?" आवाज तोंडात गरम घास धरल्यासारखा येत होता. हनुवटीखाली फळीसारखं घट्ट लागलं, दोन्ही बाजूंना.

मग तुम्ही म्हणालात, "माझ्याकडे आणू नका. यांना माझ्या खुर्चीत आडवं करता येणार नाही. जिथे श्वासाची नळी घालायची सोय आहे अशा मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या, आत्ता. बसवूनच न्या, झोपवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, ऑपरेशन लागू शकतं. मी तिथे फोन करून ठेवते."

मॅडम, त्या क्षणी मला वाईट वाटलं होतं. दात दुखतोय आणि दातांच्या डॉक्टर नको म्हणतायत, असं वाटलं. बाबा तर हातानेच नको-नको करत होते, 'सकाळी बघू' म्हणून. तुमच्या आवाजात घाई होती पण घबराट नव्हती, त्या आवाजामुळेच मी गाडी काढली.

आता आधीचं सांगते, कारण चूक तिथेच झाली. त्या रात्रीच्या दहा दिवस आधी बाबांची खालची शेवटची दाढ ठणकायला लागली. दिवसा सोसवायची, रात्री आडवं झालं की नको व्हायची. तीन रात्री ते खुर्चीत बसून होते. चौथ्या दिवशी ठणका आपोआप थांबला. आम्हाला वाटलं, सुटलो. नंतर तुम्ही कागदावर दाताचं चित्र काढून दाखवलंत: दाताच्या आत जी नस असते तिच्याभोवती कठीण भिंत. आत सूज आली की फुगायला जागाच नाही, म्हणून ठणका. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून रात्री जास्त. आणि ठणका एकाएकी थांबला तर बहुतेक वेळा नस मेलेली असते. दुखायला काही उरत नाही, जंतू मात्र मुळाच्या टोकातून बाहेर हाडात शिरत राहतात.

बाबांना मधुमेह आहे. अशा माणसात संसर्ग लवकर पसरतो, हेही तेव्हाच कळलं. गाल जड वाटायला लागल्यावर आम्ही घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या दिल्या. मेलेल्या नसेत रक्तच फिरत नाही, तर औषध तिथवर पोहोचणार कसं? साठलेला पू बाहेर काढावा लागतो आणि दात तरी काढावा लागतो किंवा आतून साफ करावा लागतो, गोळी त्याच्या जोडीला असते. हे मला पन्नाशीला आल्यावर कळतंय.

हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ दारात उभे होते. तुमचा फोन पोहोचला होता. घसा इतका सुजला होता की आधी भूल देऊन मग नळी घालणं धोक्याचं होतं. त्यांनी बाबा जागे असतानाच, नाकातून, दुर्बिणीने बघत श्वासनळीत नळी सरकवली. मग हनुवटीखाली छेद देऊन पू काढला, दाढ काढली. दोन दिवस अतिदक्षता विभागात, एकूण आठ दिवस तिथे. या आजाराचं नाव लुडविग्ज अँजायना. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६मध्ये त्याचं वर्णन केलं. अँटिबायोटिक्स नव्हती तेव्हा यात निम्म्याहून जास्त रुग्ण दगावत. अँजायना म्हणजे गळा आवळल्यासारखी घुसमट, हृदयाशी याचा संबंध नाही. खालच्या मागच्या दाढांची मुळं तोंडाच्या तळाच्या स्नायूच्याही खाली उतरलेली असतात, त्यामुळे तिथला पू तोंडात फुटण्याऐवजी जबड्याखाली उतरतो आणि जीभ वर-मागे ढकलतो. माणूस गुदमरतो तो त्यामुळे.

टाके काढल्यावर मी तुम्हाला विचारलं होतं, अपरात्री धावायचं कधी आणि सकाळपर्यंत थांबायचं कधी? तुम्ही पेशंट बसलेले असताना वेळ काढून सांगितलंत. गिळायला किंवा श्वासाला त्रास, तोंड उघडेनासं होणं, सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकणं, बरोबर ताप: सरळ हॉस्पिटल. दात काढल्यावर जखमेवर कापसाची घडी अर्धा तास न उचलता चावून धरूनही रक्त वाहतच राहिलं, तरी थांबायचं नाही. पडलेलं फिलिंग, उडालेला टवका, थंड लागल्यावरची कळ, यांना एक-दोन दिवस चालतात.

आणि मार लागून पक्का दात मुळासकट बाहेर आला तर मिनिटं मोजायची. दात मुळाशी नाही, वरच्या भागाला धरायचा, घासायचा नाही, मळला असेल तर दुधाने किंवा वाहत्या पाण्याने नुसता खळबळायचा, आणि जमलं तर तिथल्या तिथे खाचेत बसवून रुमाल चावून धरायचा. नाही जमलं तर दुधात ठेवून निघायचं, कोरडा राहू द्यायचा नाही. मुळावरच्या पेशी तासाभरात मरतात. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या येणाऱ्या दाताला इजा होते. हे मी माझ्या मुलाच्या शाळेतल्या खेळाच्या सरांना त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यांनी मला परत सगळं म्हणून दाखवलं.

मॅडम, रात्री सव्वाअकराला फोन उचलल्याबद्दल आभार. आपल्या हातून होणार नाही ते त्याच मिनिटाला ओळखून, ज्यांच्याकडे होईल त्यांना आमच्याआधी उठवून ठेवल्याबद्दल त्याहून जास्त आभार. पहाटे चारला 'नळी नीट बसली का?' असा तुमचा मेसेज आला होता. मी तो तेव्हा वाचलाच नाही, दुसऱ्या दिवशी दिसला. तो मी अजून पुसलेला नाही.

बाबांच्या वरच्या उजव्या दाढेलाही कीड आहे, तुम्हीच एक्स-रेत दाखवली होती. ती अजिबात दुखत नाही. गुरुवारी साडेदहाची वेळ त्यांनी स्वतः फोन करून घेतली आहे.

तुमची कृतज्ञ,
त्या रात्रीच्या पेशंटची मुलगी