मंत्री महोदय, दारावर नोटीस लागली. डॉक्टर कुठे आहेत?

मा. मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

परवा तलाठी भाऊसाहेब आमच्या दाराला नोटीस डकवून गेले. घर दरडप्रवण क्षेत्रात आहे, अतिवृष्टीत सुरक्षित स्थळी जावे, न गेल्यास जबाबदारी आपली. ती दर जूनमध्ये येते, त्याचं काही नाही. पण गेल्या पावसाळ्यात आपण रायगडातल्या या वाडीत उभं राहून शब्द दिला होता की पुढच्या जूनपासून आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा मानसोपचारतज्ज्ञ बसतील. जून सरला. खोली आहे, तिला कुलूप आहे, खिडकीतून डोकावलं तर आत ब्लीचिंग पावडरच्या गोण्या आहेत.

दरडीत माझा धाकटा भाऊ आणि भावजय गेली. त्यांचा मुलगा आमच्याकडे असतो. पाऊस लागला की तो पायात चपला घालूनच झोपतो. काढायला गेलं तर झोपेतही पाय आखडून घेतो. आई रात्रभर ओटीवर बसून असते, मांडीवर प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रेशनकार्ड आणि सातबारा. आणि मी टॉर्च घेऊन झऱ्याचं पाणी गढूळ झालंय का बघायला जातो. पाणी गढूळ होणं, जमिनीला भेगा पडणं, झाडं कलणं ही दरडीची लक्षणं, असं तुमच्याच सरकारी लोकांनी शिकवलंय. शिकवलं ते बरंच झालं, पण तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही. एका रात्री गोठ्यातला बैल दगडावर खूर घासत होता, तर त्या आवाजाला अख्खी वाडी रस्त्यावर. वाडीतले निम्मे बाप्ये पावसाळ्यात दुपारपासूनच पिऊन असतात. निम्मे कमीच सांगतोय.

दरड पडली त्याच आठवड्यात समुपदेशनाचं पथक आलं होतं. फॉर्म भरून घेतले, फोटो काढले, "मन मोकळं करा" म्हणाले आणि उजेड आहे तोवर गाडीत बसले. त्या आठवड्यात कुणाचं मन जागेवर होतं, साहेब? तेव्हा आम्ही ढिगारा उपसत होतो. माणूस खचतो तो नंतर, मदतीच्या गाड्या यायच्या बंद झाल्यावर. पुढच्या पावसाळ्याचा पहिला ढग आला की मग खरा त्रास सुरू होतो, आणि तेव्हा फिरकायला कुणी नसतं.

हे मी नवीन सांगत नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतल्या मानसिक आरोग्यावर मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २००९ साली. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासूनचा. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा आमचा हक्क झाला. मानसिक त्रासासाठी १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे. धो-धो पावसात वीज जाते, वीज गेली की टॉवर बंद, म्हणजे नेमकी जेव्हा हवी तेव्हा ती लागत नाही. कागदावर आम्ही किती सुखी आहोत बघा!

आणि दरडी? २००५ ला जुई, दासगाव. २०१४ ला माळीण, १५१ माणसं. २०२१ ला तळिये, कुणी ८४ सांगतं, कुणी ८७. २०२३ ला इर्शाळवाडी; तिथे २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता असताना शोध थांबवला. ज्याचं प्रेतच हाती आलं नाही त्याचं दहावं घालणाऱ्या घराचं काय होत असेल, याचा रकाना आपल्या पंचनाम्यात आहे का? सरकारी मदत म्हणजे मृत्यूला चार लाख, साठ टक्क्यांच्या वर अपंगत्व आलं तर अडीच लाख. आमच्या आईला किती टक्के धरायचं?

आम्ही बंगले मागत नाही. आशाताई आणि अंगणवाडीताई घराघरात जातातच. कोण जेवत नाही, कोण बोलायचं थांबलंय हे त्यांना तुमच्या पथकाच्या आधी कळतं. त्यांना नीट शिकवा आणि त्या कामाचा वेगळा मोबदला द्या, फुकट राबवू नका. जून ते सप्टेंबर तज्ज्ञ ठरलेल्या वारी केंद्रात यावेत, अकरा महिन्यांच्या कंत्राटावर दर वर्षी नवा चेहरा नको. एकाला सगळं सांगून होईपर्यंत तो बदलून जातो. मे महिन्यात वाडीतल्या पोरांना घेऊन सराव घ्या. आणि पुनर्वसन कराल तेव्हा वाडी एकत्र उठवा. शेजार तोडून, सोडत काढून चार टोकांना घरं दिलीत तर पक्क्या भिंतीतही माणूस एकटाच मरेल.

पण यात टेंडर निघत नाही, हीच खरी अडचण. संरक्षक भिंतीला निधी येतो, ती पहिल्या पावसात फुगते, तरी बिल निघतं. वरच्या अंगाला रस्त्यासाठी डोंगर पोखरतो तो ठेकेदार, आणि जबाबदारीची नोटीस आमच्या नावाने. डोंगराला परवानगी देणाऱ्याच्या दाराला कधी कुणी कागद डकवलाय?

येत्या अधिवेशनात कुणा आमदाराने हा प्रश्न विचारलाच, तर कृपा करून "माहिती संकलित करण्यात येत आहे" असं उत्तर देऊ नका. माहिती वर दिली आहे.

आपला,
दरडप्रवण यादीतला एक रहिवासी