लढाईचं रान कोणाच्या खात्यात येतं?

महोदय,

कालच्या अंकातला पन्हाळ्यावरचा पानभर मजकूर वाचला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या बारा किल्ल्यांत आपला पन्हाळा आहे, याचा मलाही अभिमान आहे. पण त्याच पानावर घोडखिंडीच्या, म्हणजे आजच्या पावनखिंडीच्या, लढाईचे साल १६५९ छापले आहे. बाजीप्रभू पडले ते १३ जुलै १६६० रोजी. कोल्हापुरात वाचल्या जाणाऱ्या दैनिकाने हे साल तरी तपासून घ्यायला हवे होते.

१६५९ ची लढाई वेगळी. ती २८ डिसेंबरला कोल्हापूरजवळ झाली. अफझलखानाच्या वधाला जेमतेम सात आठवडे झाले होते, पन्हाळा हाती येऊन एक महिना. आदिलशाही सरदार रुस्तुमेजमान आणि खानाचा मुलगा फाजल फौज घेऊन चालून आले, आणि महाराजांनी त्यांना उघड्या मैदानात गाठून पळवून लावले. या लढाईचा साधा फलकही मला जिल्ह्यात कुठे दिसला नाही.

ती नेमकी कोणत्या शिवारात झाली याचे सर्वेक्षण करा, असा अर्ज घेऊन मी गेल्या वर्षी एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. टेबलावरच्या माणसाने विचारले, "वास्तू कुठली? फोटो जोडा." मी म्हटले, वास्तू नाही, रान आहे. "मग महसूलकडं जावा." महसूलवाले म्हणाले, सातबाऱ्यावर असली नोंद घेता येत नाही. अर्ज आजही माझ्या कपाटात आहे. त्या माणसांवर माझा राग नाही. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा केंद्राचा कायदाच इमारती, लेणी, शिलालेख, अवशेष यांची भाषा बोलतो. संरक्षित वास्तूच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकाम बंद आणि पुढचे २०० मीटर परवानगीने. जिथे भिंतच नाही तिथे हे अंतर मोजायचे कुठून?

आणि रानात काही उरत नाही, हे खोटे आहे. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या माळावर, जिथे १८७६ मध्ये तिथले मूलनिवासी आणि अमेरिकी सैन्य लढले, १९८४ मध्ये मेटल डिटेक्टर फिरवून सापडलेली प्रत्येक गोळी, प्रत्येक काडतूस जागेनिशी नोंदवले आणि त्यावरून कोण कुठून कुठे सरकले ते मांडले. बेल्जियमने वॉटर्लूचे मैदान १९१४ मध्येच कायद्याने राखले, तेही बहुतेक शेतीच. आपल्याकडे मात्र जेसीबी लावून रान सपाट केले की शिशाच्या गोळ्या मातीबरोबर ट्रॉलीत जातात. एकदा जागेवरून हलली की त्या गोळीला काही सांगता येत नाही.

पन्हाळ्याचेच घ्या. आदिलशाही सरदार सिद्दी जौहर १६६० मध्ये चार महिने वेढा घालून बसला. राजापूरचे इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला आले. त्या छावण्या, त्या तोफांच्या जागा तटाच्या आत नव्हत्या, बाहेर होत्या. तिथे आज प्लॉट पडताहेत आणि आपण तटावरच्या दिव्यांची चर्चा करतो.

शेतकऱ्याची जमीन काढून घ्या, असे मी म्हणत नाही. त्याने ऊस लावावा. पण खोल खुदाई आणि बिगरशेती परवान्याआधी पाहणी व्हावी आणि नेसरी (जिथे प्रतापराव गुजर पडले), पावनखिंड, पन्हाळ्याचा वेढा व १६५९ ची लढाई यांचे नकाशे जिल्ह्याच्या विकास आराखड्यात यावेत. आणि सालाची दुरुस्ती उद्याच्या अंकात, पहिल्या पानावर छापावी.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक, कोल्हापूर