बेसिलची तुळस करू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
९ फेब्रुवारी

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, कुंड्यांतल्या बेसिलला रोग पडला का, असं तू विचारलंस. त्याला रोगबिग काही झालेला नाही. ते मंजिऱ्यांवर आलंय, एवढंच. पानं बारीक होणं, खोड उघडं पडणं हे सगळं त्यामुळेच. या झाडाचं आयुष्य एका हंगामाचं. फुलं आली की ते पानं वाढवायचं सोडून सगळी ताकद बियांत घालतं. मग पानं चवीला कडवटही लागतात. फोनवर सांगितलं तर निम्मं राहून जातं, आणि बाबांना फायलीला लावायला कागद लागतो, म्हणून लिहूनच पाठवते.

तू त्याला तुळशीचे नियम लावलेले दिसतात. रविवारी नाही, द्वादशीला नाही, दिवेलागणीनंतर तर नाहीच. मग खुडणार कधी? बेसिल तुळशीच्या कुळातलं खरं, पण जात निराळी. त्याला वृंदावन नको आणि कार्तिकातलं लग्नही नको. थायलंडमध्ये तर खुद्द आपल्या तुळशीची पानं लसूण-मिरचीबरोबर खिम्यात परततात. (बाबा, एवढं वाक्य मोठ्याने वाचू नका.)

खुडायचं कसं ते सांगते. शेंडा धरून खाली येत जा आणि पानांच्या एखाद्या जोडीच्या जरासं वर नखाने तोड. त्या जोडीच्या बेचक्यात दोन बारीक फुटवे असतात, शेंडा गेला की दोन्ही जोर धरतात. खाली निदान दोन जोड्या राहू देत. खालची मोठी पानं तेवढी ओढून काढायची तुझी सवय मेथीला चालेल, इथे नको. झाड त्यांच्यावरच जगतं. नवं रोप वीतभर झालं की पहिला शेंडा काढायचा आणि मग दर आठ-दहा दिवसांनी हात फिरवायचा. हे झाड खुडल्यानेच भरतं. जिवावर येत असेल तर बाबांना करू दे.

फुलं न आलेले शेंडे टाकू नकोस. खालची पानं काढून पाण्याच्या पेल्यात खिडकीत ठेव, आठवड्या-दोन आठवड्यांत मुळं फुटतात. मार्चच्या आत नवी रोपं तयार झाली तर बरं. सांगलीचं एप्रिलचं दुपारचं ऊन त्याला सोसणार नाही, तेव्हा कुंड्या गच्चीच्या पूर्वेच्या कठड्याशी सरकवा. सकाळचं पाच-सहा तास ऊन पुरे.

पावसाळा त्याहून वाईट. पानं रात्रभर ओली राहिली की केवडा रोग पडतो: वरून पान पिवळं, उलटून पाहिलं तर खाली करडी-जांभळी भुकटी. अमेरिकेत हा रोग २००७ मध्ये फ्लोरिडात दिसला आणि पुढे सगळीकडे पसरला. आमच्या शेजारच्याच रटगर्स विद्यापीठाने त्याला दाद न देणाऱ्या जाती काढल्या. त्यातली ‘डिव्होशन’ मी लावते. तुमच्याकडची जात साधी आहे, म्हणून जूनपासून कुंड्या पत्र्याखाली, पाणी सकाळी आणि तेही मातीत. पानांवर शिंपडायचं नाही. तरी गेलीच, तर दिवाळीत पुन्हा पेरा. बी खोल नको, वर मातीची चिमूटभर चादर बास.

तर दोन कुंड्यांतल्या मंजिऱ्या आजच काढ. तिसरी तशीच ठेव, ती बाबांची. बाबा, तुम्ही लिंबाच्या सरबतात घालता तो सब्जा म्हणजे याच झाडाचं बी. मधमाश्या येतील, येऊ द्या. मंजिऱ्या वाळून तपकिरी झाल्या की कापून कागदावर पसरा, तळहातांत चोळा, आई पाखडून देईल. एकेका फुलामागे जास्तीत जास्त चार दाणे, तेव्हा वाण्याचा सब्जा बंद होणार नाही, हौस भागेल. मात्र पेरणीच्या पाकिटातलं उरलेलं बी पिऊ नका, त्याला औषध चोळलेलं असू शकतं. आणि सब्जा कोरडा तोंडात टाकायचा नाही. पाणी ओढून फुगतो, घशात अडकू शकतो. वीसेक मिनिटं भिजवूनच घ्या.

आता स्वयंपाकाचं. आई, बेसिल फोडणीत घालू नकोस, वास उडून जातो आणि हाती नुसता काळा पाला राहतो. टोमॅटोच्या कोशिंबिरीत अगदी शेवटी, हाताने तोडून घाल. फ्रीजमध्येही काळं पडतं, म्हणून जुडी पाण्याच्या पेल्यात ओट्यावर ठेव. खूप निघालं तर पेस्तो कर. ही इटलीतल्या जेनोआची चटणी: बेसिल, लसूण, पाइन नट्स, खडेमीठ, ऑलिव्ह तेल आणि दोन तऱ्हेचं चीज, संगमरवरी खलात कुटलेलं. तिथल्या बेसिलला २००५ पासून युरोपचं भौगोलिक मानांकन आहे, आणि रोप कोवळं असतानाच ते काढतात. आपण ठेचाच समजायचा, मिरचीच्या जागी पाला. पाइन नट्स परवडत नाहीत, मलासुद्धा. शेंगदाणे हलके भाजून घे. आधी लसूण-मीठ, मग दाणे, मग पानं, तेल शेवटी. चीज नसेल तर लिंबू पिळ. जेनोआचे लोक नावं ठेवतील, ठेवू देत. खलबत्ता जड होत असेल तर मिक्सर थांबत थांबत फिरव, तापला की पानं काळवंडतात. ते लोक पास्त्यात पेस्तोबरोबर बटाटा आणि फरसबीही घालतात, म्हणजे तुझ्या उकडलेल्या बटाट्यांना लावायला हरकत नाही. भाकरीबरोबर तर मला जास्तच आवडतो.

बाबा, तुमचं मात्र वेगळं. बेसिलमध्ये ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते रक्त गोठायला मदत करतं. तुमची रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी नेमकी त्याच्याच विरुद्ध काम करते. कोशिंबिरीतल्या चार पानांनी बिघडू नये, पण एक दिवस वाटीभर पेस्तो आणि मग महिनाभर काहीच नाही, असं केलंत तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो तो तपासणीतला आकडा, वरखाली होईल. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा आणि काय म्हणाले ते कळवा. तोवर पेस्तो आईलाच.

तुमची,
मनू