व्हिडिओ कापू नका, जसाच्या तसा ठेवा

संपादक महोदय,

मुंबईत दादरच्या हिंदमाताला पाणी तुंबले की अर्ध्या तासात त्याचे व्हिडिओ हातोहात फिरू लागतात. अलीकडे त्यांची तऱ्हा बदलली आहे. तीस सेकंदांत आठ कट, मागे सिनेमातले संगीत आणि रडणाऱ्या बाईचा चेहरा दोनदा मोठा करून दाखवलेला. रोज रात्री जेवताना पाहिलेल्या रिॲलिटी शोने ही सवय लावली आहे.

ते कार्यक्रम कसे जोडले जातात हे एकदा समजून घ्यावे. बंद घरातल्या खेळात कॅमेरे चोवीस तास चालू असतात आणि प्रेक्षकाला दिसतो तासाभराचा भाग. त्यामुळे कोण भांडकुदळ आणि कोण सोशिक, हे संकलनाच्या टेबलावर ठरते. गाण्याच्या स्पर्धेत मुलगी सूर चुकली की परीक्षकाच्या कपाळावर आठी दिसते. ती आठी तासभर आधी दुसऱ्याच स्पर्धकासाठी पडलेली असू शकते. टेबलावरच्या ग्लासातले पाणी अचानक वाढलेले दिसले तर समजावे की दोन वेगळ्या वेळची चित्रे जोडली आहेत. बोलणाऱ्याचा आवाज चालू आहे, पण कॅमेरा त्याच्या पाठीवर किंवा दारावर गेला, तर तिथे दोन वेगळ्या वेळची वाक्ये सांधलेली असण्याचा संभव मोठा. स्पर्धकाने करारावर सही करून हे मान्य केलेले असते. नाक्यावर मार खाणाऱ्या माणसाने कुठे सही केलेली असते?

कापलेल्या चित्रणाने काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा देशभर पसरली, तेव्हा फिरणारा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या प्रचारपटाचा होता. शेवटी मूल परत आणून देतात, तेवढाच भाग कुणीतरी छाटला होता. त्याच अफवेच्या लाटेत १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठार मारले.

म्हणून चित्रण करूच नये असे मुळीच नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर २३ जणांचा जीव गेला, तेव्हा तिथली चेंगराचेंगरी जगाने पाहिली ती प्रवाशांच्याच मोबाइलमधून. असे चित्रण उपयोगी पडावे, यासाठी थोडी शिस्त लागते.

अपघात असेल तर आधी १०८ ला फोन. मग मोबाइल आडवा धरून पहिले दहा सेकंद तो हलवायचा नाही. चौकटीत स्टेशनची पाटी, दुकानाचा फलक किंवा बसचा क्रमांक यांपैकी काहीतरी यावे, म्हणजे जागा नंतर ओळखता येते. त्यानंतर हळूहळू फिरवावा. झूम टाळावे, त्याने चित्र फुटते आणि हात हलतो. तारीख, वेळ, ठिकाण आणि डोळ्यांना दिसते तेवढेच तोंडाने बोलावे. ‘कुणीतरी म्हणाले’ ते बोलू नये.

सगळ्यात जास्त चुका पाठवताना होतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो आणि फाइलमधली वेळेची व जागेची नोंद निघून जाते. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी पोहोचते. काटछाट करायचीच असेल तर प्रतीवर करावी. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्यावी आणि तिची एक प्रत दुसरीकडे जपावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली, अशी फाइल पुरावा म्हणून मांडताना न्यायालयात द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलची ‘हॅश’ लिहावी लागते. फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला हा आकडा असतो. एक सेकंद जरी छाटला, वर गाणे जरी चढवले, तरी तो पार बदलतो.

लैंगिक अत्याचारातली पीडित व्यक्ती किंवा गुन्ह्यात सापडलेले अल्पवयीन मूल यांची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. असे चित्रण पोलिसांकडे द्यावे, गटांवर टाकू नये.

आता वृत्तपत्रांकडे मागणे. वाचकाचा व्हिडिओ संकेतस्थळावर ‘व्हायरल’ म्हणून चढवण्याआधी मूळ फाइल मागा, पाठवणाऱ्याला फोन करा. तीन-चार स्थिर चित्रे काढून तीच चित्रे जालावर आधीपासून आहेत का, ते शोधा. सावल्या सांगितलेल्या वेळेशी जुळतात का, तेही पाहा. खाली स्पष्ट लिहा: मूळ चित्रण दोन मिनिटांचे, येथे वीस सेकंद. संगीत घालू नका. आणि नाव छापायचे की नाही, हे पाठवणाऱ्याला विचारा. गल्लीतल्या दादागिरीचे चित्रण पाठवणाऱ्याला संध्याकाळी त्याच गल्लीत घरी जायचे असते.

– एक व्हिडिओ संकलक, गोरेगाव पूर्व, मुंबई