फील्ड प्रोजेक्टला अफवेचा विषय द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट, म्हणजे स्वतः पाहणी करून लिहायचा प्रकल्प, आला आणि आमच्या गावातल्या झेरॉक्सच्या दुकानांना बरे दिवस आले. ‘आठवडे बाजाराचे सर्वेक्षण’, ‘ग्रामपंचायतीचे कामकाज’, काय हवे ते मिळते; वरचे नाव बदलायचे, स्पायरल बाइंडिंग करायचे, झाले. मी जन्मभर मास्तरकीच केली, म्हणून पोरांना दोष द्यायला जीभ रेटत नाही. त्यांच्या अंगणातला विषय, गावात पसरणारी अफवा, त्यांना कुणी दिलाच नाही.

आमच्या धुळे जिल्ह्यात तो शोधायला जावे लागत नाही. १ जुलै २०१८ रोजी, राईनपाड्याच्या बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत जिवे मारले. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते ते. त्या वर्षी मुले पळवण्याची एक चित्रफीत देशभर फिरत होती. मुळात ती कराचीत पालकांना सावध करण्यासाठी केलेली. मूल उचलून नेणारे मोटारसायकलवाले ते परत आणून सोडतात, तो शेवट कुणीतरी कापला होता.

असला मेसेज गावात प्रथम कुणाच्या फोनवर आला, त्याला अहिराणीत कुणी काय जोडले, कुणी तो पुढे पाठवला नाही आणि का, हे बाहेरच्या संशोधकाला कळणे कठीण. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर कंपनीलाही वाचता येत नाही. आमचा विद्यार्थी मात्र भाऊबंदांच्या, भजनी मंडळाच्या, कांदा-भावाच्या ग्रुपमध्ये आधीच बसलेला असतो. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी २०१९ मध्ये बिहारमध्ये सुमारे १,२०० लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासभर खोटी बातमी ओळखायला शिकवले, तरी एकूण फारसा फरक दिसला नाही. मग फरक कशाने पडतो, ते गावात बसूनच पाहावे लागेल.

आणि सगळे खापर फोनवर नको. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो ही वार्ता दिवसभरात देशभर पोचली, तेव्हा मोबाइल होते कुणाकडे? चमचा घेऊन मीही रांगेत होतो! तुम्हाला ते कुणी सांगितले, एवढेच नातवंडांनी घरोघरी विचारून लिहून काढले तरी चांगला प्रोजेक्ट होईल.

एक पथ्य हवे. ग्रुपमधला मजकूर विचारल्याशिवाय वहीत उतरवायचा नाही, नावे गाळायची. नाहीतर त्याला संशोधन नव्हे, चहाडी म्हणतील, आणि गावात राहायचे त्या पोरालाच आहे.

विद्यापीठांनी विषयांच्या यादीत हा विषय घालावा आणि गुण बाइंडिंग केलेल्या प्रतीला न देता रोजच्या नोंदवहीला द्यावेत. चौथ्या वर्षाच्या संशोधन पदवीला पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. फील्ड प्रोजेक्टला ती अट नाही. पाड्यावरून एसटीने येणारा पंचावन्न टक्केवालाही तो करू शकतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, साक्री (जि. धुळे)